लाल बटणाचं ड्रॉइंग

२१ ऑगस्ट १९९५, सोमवार
मॅनेजर सुधाकररावांनी केबिनमध्ये बोलावलं. आपल्या जिनिंगमध्ये या सीझनला रुईच्या गाठी बांधायचा नवा प्रेस येतोय. त्याचं कंट्रोल पॅनल हैदराबादची एक कंपनी बनवणार. त्यांना ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढलेलंच पाहिजे, हाताचं चालणार नाही. मुदत तीस सप्टेंबर. जमलं तर मी ड्राफ्ट्समन. नाही जमलं तर ड्रॉइंग सेक्शन बंद आणि माझा तबादला गेटवरच्या काट्यावर, कापसाच्या गाड्या तोलायला.
मी हसलो. अठरा वर्षं इलेक्ट्रिकल ड्रॉइंग काढतोय. पेन्सिल बदलली म्हणून हात बदलतो का?
घरी जाताना गेटवरच्या काट्याकडे बघितलं नाही. बसची घाई असणार.

२३ ऑगस्ट, बुधवार
आदिलाबादला बसस्टँडमागच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये नाव घातलं. मिल सुटली की साडेपाच ते सात, मग गुडीहत्नूरची बस. शिकवणारी मनकर्णा म्हणून एक मुलगी आहे, इंद्रवेल्लीच्या मास्तरांची. वय तेवीस असेल. मला काका म्हणते. साहेब म्हण असं सुचवायचं होतं, पण तिने आधी चपला बाहेर काढायला लावल्या.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून मॅन्युअल वाचायचं.

२४ ऑगस्ट, गुरुवार
साडेसातला उठलो.

१ सप्टेंबर, शुक्रवार
पोळा, मग गणपती. सणासुदीत शिकलेलं डोक्यात राहत नाही. पहाटेचा संकल्प सोमवारपासून.

५ सप्टेंबर, मंगळवार
आज एक युक्ती केली. ड्रॉइंग आधी ट्रेसिंग पेपरवर हाताने काढून नेलं, तो पेपर चिकटपट्टीने स्क्रीनवर लावला आणि माऊसने वरून गिरवायला घेतलं. अर्धं अप्रतिम झालं. तेवढ्यात मनकर्णेने येऊन झूम का काय ते केलं आणि खालचं सगळं पसरलं. वर प्रेसची मोटर, खाली भलतीच रेघ.
तिने पेपर काढून घडी करून माझ्या हातात दिला. काका, आधी एक सरळ रेघ काढू, म्हणाली. रेघ. अठरा वर्षांच्या माणसाला.

१२ सप्टेंबर, मंगळवार
नावाची चौकट पूर्ण. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात असते ती. डबल बॉर्डर, आत जाड अक्षरांत 'ड्रॉन बाय: अमृतराव'. त्याखाली 'चेक्ड बाय: अमृतराव'. आठ दिवस लागले, पण आता ही चौकट कुठल्याही ड्रॉइंगला आपोआप लागते. मनकर्णा म्हणाली की चौकटीच्या आत अजून काहीच नाही. पाया आधी घालतात हे तिला कोण सांगणार.
अठरा दिवस उरले. भरपूर आहेत.

१९ सप्टेंबर, मंगळवार
सुधाकररावांनी विचारलं, कुठवर आलं? म्हटलं, सत्तर टक्के. हे वाक्य तोंडातून गेलं आणि कानशिलं तापली. चौकट धरली तर तीस तरी होतं.
जेवायला बसलो आणि जेववेना. हिने विचारलं की काट्यावर काम केलं तर पगार कमी होतो का. होत नाही. मग एवढं काय, म्हणाली. तिला कळणार नाही. काट्यावर जो बसतो त्याला सगळे 'ओ काटेवाले' म्हणतात. दौलतला म्हणतात. त्याचं नाव दौलत आहे हे मला सुद्धा तो आजारी पडला तेव्हा कळलं.

२२ सप्टेंबर, शुक्रवार
साडेपाचला करंट गेला, सातला आला. यात माझा दोष नाही.

२६ सप्टेंबर, मंगळवार
मोठा दिवस. मोटर, फ्यूज, रिले, सगळं बसलं. चालू करायचं हिरवं बटण काढायला दोन दिवस गेले. मग 'कॉपी' नावाची कमांड सापडली. हिरव्याची कॉपी मारली, रंग लाल केला, झालं बंद करायचं बटण. दोन सेकंद.
मनकर्णा मागे उभी होती. म्हणाली, काका, बंद करायच्या बटणाची खूण वेगळी असते. चालूचं बटण उघडं दाखवायचं, तार तुटलेली; दाबलं की जुळतं. बंदचं जुळलेलं दाखवायचं, दाबलं की तुटतं.
हे पुस्तकात असतं. आमच्या मिलमध्ये माझी पद्धत चालते. दोन्ही बटणं सारखीच काढायची आणि स्टॉपला लाल पेन्सिल मारायची. लाल दिसलं की नागोराव वायरमन समजून जोडतो. अठरा वर्षांत एक मशीन चुकलं नाही. तिला म्हटलं, तू प्रेस पाहिलाय का कधी? ती पुढच्या कॉम्प्युटरकडे गेली. स्क्रीनवर लाल बटण कसं टवटवीत दिसत होतं.

३० सप्टेंबर, शनिवार, दुपारी १
प्रिंट निघाली. मुदतीत. चार वाजता सुधाकररावांच्या टेबलावर ठेवणार. काट्याचं संकट टळलं.

तोच दिवस, संध्याकाळी
नागोराव प्रिंट बघायला सुधाकररावांच्या केबिनमध्ये आला. बटणांखाली स्टार्ट, स्टॉप इंग्रजीत लिहिलेलं, पण तो इंग्रजी वाचत नाही; बराच वेळ उलटीसुलटी करून बघत होता. मग म्हणे, सायेब, याच्यात स्टॉप कोणतं जी? लाल काऊन दिसून नाही राह्यलं?
प्रिंटर काळंच छापतो.
मी म्हटलं, रंग कॉम्प्युटरच्या आत आहे. तो म्हणे, आमी तं आतून नाही पाहात जी, कागदच पाहातो.
लाल पेन्सिल खिशातच होती. नेहमी असते. एक रेघ मारायची होती फक्त. पण सुधाकरराव समोर होते, आणि त्यांनी बजावलं होतं की हाताचं काही नको. काढली पेन्सिल आणि परत ठेवली. कॉम्प्युटरच्या ड्रॉइंगला पेन्सिल लावली तर मग शिकलो काय?
हैदराबादला जायचं पाकीट माझ्यासमोरच बंद झालं.

३ ऑक्टोबर, मंगळवार, दसरा
मिलमध्ये हत्यारांची पूजा. माझ्या टी-स्क्वेअरच्या पट्टीला हळदकुंकू लावलं. नागोरावने माझी लाल पेन्सिल मागून घेतली आणि त्याच्या पकडीशेजारी ठेवली. मुद्दाम केलं का ते कळलं नाही.

१२ ऑक्टोबर, गुरुवार
हैदराबादच्या कंपनीत इंजिनियर असतात. ते अडाणी नाहीत. त्यांना कळेलच.

१६ ऑक्टोबर, सोमवार
त्यांना कळेल कसं?

१७ ऑक्टोबर, मंगळवार
एसटीडी बूथवर गेलो. फोन करून एवढंच सांगायचं की जे बटण स्टॉप म्हणून लिहिलंय ते जुळलेलं समजा. पहिल्यांदा नंबर एंगेज. दुसऱ्यांदा एंगेज. इतका आनंद झाला की बूथवाल्याला चहा पाजला. फोन केला असता तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि ते आधी सुधाकररावांना कळवणार. आपण प्रयत्न केला, हे महत्त्वाचं.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार
दिवाळी झाली. एकही करंजी चवीची लागली नाही. ही म्हणाली, तूप तेच, पीठ तेच. आज पॅनल आलं. राखाडी, चकचकीत, दाराला कंपनीचं शिशाचं सील. सील तोडलं तर गॅरंटी गेली, असं दारावरच लिहिलंय. मला आत बघता आलं नाही. बाहेरून उत्तम आहे. हिरवं बटण हिरवं आहे, लाल बटण लाल आहे. उगाच काळजी केली.

६ नोव्हेंबर, सोमवार
लिहायचं नव्हतं.
ट्रायल. शेठ आले होते. यार्डात कापसाच्या गाड्या लागलेल्या, बैल सोडलेले. नारळ फोडला. शेठनी हिरवं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मी म्हटलं, व्होल्टेज.
नागोराव पुढे झाला. एका हाताने लाल दाबलं, दुसऱ्याने हिरवं. प्रेस धडधडत सुरू झाला. मग त्याने लाल सोडलं. प्रेस बंद. पुन्हा तसंच केलं, शांतपणे, मास्तर गणित समजावतो तसं. सांगितलं की हे लाल बटण हिरव्यासारखंच जोडलंय. दाबून धरलं तेवढा वेळच प्रेस चालतो.
शेठनी विचारलं, ये ड्रॉइंग किसने बनाया? सांगायची गरजच नव्हती. सुधाकररावांनी ड्रॉइंग उघडलं आणि सगळे उजव्या कोपऱ्यावर वाकले. डबल बॉर्डर. जाड अक्षरं. चेक केलेलं सुद्धा मीच.
नागोराव दहा मिनिटांत वायर फिरवतो म्हणाला. पण सील. कंपनीचा माणूस अठरा तारखेला येणार. तोवर बारा दिवस गाड्या थांबवता येत नाहीत. सुधाकररावांनी माझ्याकडे बघितलं आणि स्टूल मागवलं.

७ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, स्टुलावर बसून लाल बटण दाबलं. उजवा अंगठा सुजला. चहा डाव्या हाताने. दुपारी एकदा डुलकी लागली, तर प्रेस थांबला आणि सगळी मिल माझ्याकडे बघू लागली.
जेवायच्या सुट्टीत नागोराव आला. म्हणाला, तुमी जेवून घ्या सायेब, मी धरतो. सुट्टीत प्रेस बंदच असतो, धरायची गरज नव्हती, तरी त्याने बटणावर बोट ठेवलं. मग म्हणाला, एक पेन्सिल मारली असती जी तुमी.
लाज वाटली. खरंच वाटली. भाकरी तशीच ठेवली.
जाताना सुधाकररावांनी ऑर्डर दिली. एकोणीस तारखेपासून काटा. दौलत गेटवर भेटला, म्हणाला, या, खुर्ची चांगली हाय, पंखा हाय.
बूथवरून मनकर्णेला फोन केला. पहिल्यांदाच लागला. विचारलं, सरळ रेघ कधीपासून शिकता येईल? ती म्हणाली, काका, हात मोकळा झाला की या.
उद्या अंगठ्याला पट्टी बांधून न्यायची. डाव्या हाताची सवय करायची. अजून अकरा दिवस आहेत. मी हात उचलला की प्रेस थांबतो, मजूर थांबतात, गाड्या थांबतात, शेठ केबिनबाहेर येतात. अठरा वर्षांत मिलला माझी इतकी गरज कधीच पडली नव्हती.