काकांचं डोकं

४ तारीख
आईच्या ट्रंकेत कॅमेरा सापडला! घडीचा – झाकण उघडलं की चामड्याचा भाता पुढे सरकतो, तसला. सरकला मात्र नाही. उचकटला तर आतून झुरळ पडलं. मेलेलं. बाबा पेपर टाकून उठले. “हाच तो! दुरुस्त कर. दाखवतोच त्याला!”

‘त्याला’ म्हणजे काकांना. बाबांचे धाकटे भाऊ, राहतात वरच्याच मजल्यावर. त्यांनी दुकान उघडलं त्या दिवशी याच कॅमेऱ्यानं त्यांचा फोटो काढला. हनुवटीपासून खाली काका झकास आले. वर डोकंच नाही! काका म्हणतात, दादानं जळून मुद्दाम कापलं. बाबा म्हणतात, कॅमेऱ्याचा दोष. तेव्हापासून अबोला. मी जन्मायच्या आधीपासून! आणि काकांनी तो फोटो फ्रेम करून दुकानात लावलाय. गिऱ्हाइकं विचारतात, हे कोण? काका सांगतात, मीच.

आता दुकान विकून ते महिनाअखेरीला मुलीकडे चाललेत. लांब. कायमचे. बाबा म्हणतात, गेला तर गेला. पण जिन्यात काकांची पावलं वाजली की यांचा पेपर खाली येतो. मला बघवत नाही ते.

७ तारीख
शटर चिकटलेलं. लायटरचं पेट्रोल थेंबाथेंबानं सोडलं, घरभर वास. शेवटी खट्ट! शेजारी आई मटार सोलत होती. दचकून दोन्ही डोळे गच्च मिटले. “मेलं, अजून तसंच वाजतं!”

१० तारीख
भात्याला भोकं आहेत का बघायला आत टॉर्च लावून बाथरूममध्ये अंधार करून बसले. भोकंच भोकं! प्रत्येकाला काळ्या रंगाचा ठिपका. बाहेरून बाबा दार वाजवतायत – “अगं, किती वेळ?” “बाबा, तुमचंच काम चाललंय!” “माझं काम वेगळं आहे!”

१३ तारीख
वरची बघायची चौकट वाकडी होती. पक्कड लावून सरळ केली. झाला कॅमेरा नवाकोरा. शाब्बास मी!

१४ तारीख
घात झाला!

बाबांनी काकांना बोलावलं. म्हणजे मला वर पाठवलं. काका आले, बाबांकडे पाठ करून बसले. बाबा मला म्हणाले, “दाखव त्याला ती वाकडी चौकट. त्यातून डोकं दिसायचं, पण फोटोत यायचं नाही!”

मी म्हटलं, सरळ केली.

बाबांनी डोक्याला हात लावला. “कोणी सांगितलं होतं?”

“तुम्हीच म्हणालात दुरुस्त कर!”

“मग कर परत वाकडी!”

“किती वाकडी?”

“तेव्हा होती तेवढी!”

काका भिंतीला म्हणाले, “वा! माझ्यासमोर पुरावा तयार होतोय!” बाबा कपाटाला म्हणाले, “पुरावा होताच! पोरीनं घालवला!” मी मधे पक्कड घेऊन उभी.

शेवटी दारात थांबून काका मला म्हणाले, “सरळ झालाय ना आता? मग दादाला म्हणावं, काढ माझा फोटो. तिथंच, दुकानासमोर. डोकं आलं तर मागचं सगळं विसरलो.”

२० तारीख
आज फोटो. मला ऑफिसातून सुटी नाही! आई-बाबा दोघंच गेले. संध्याकाळी काकांना विचारलं, कसा झाला? “मला काय माहीत? फोटोसाठी चष्मा काढला होता. चष्मा काढला की समोर हत्ती आहे की दादा, कळत नाही.” फोटोसाठी कायम काढतात. नटायची हौस फार.

२६ तारीख
फोटो आले.

हनुवटीपासून खाली काका. वर काही नाही.

मी चौकट दहादा तपासली. सरळ आहे! काकांनी फोटो बघितला, माझ्या हातात ठेवला आणि ते जिना चढून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. सामान बांधायला घेतलंय.

मी बाबांवर तोंड टाकलं. “शेवटच्या दिवसांत तरी खोड सोडायची!” बाबा खिडकीबाहेर बघत बसले. आई भांडी घासायला उठली, घासलेलीच परत घासली. इतकं पेट्रोल हुंगून काय मिळवलं मी? रडू येतंय नुसतं.

२९ तारीख
आईनं सांगितलं. कांदा चिरता चिरता. कॅमेरा तिच्या माहेरचा. बाबांना तो उघडतासुद्धा येत नाही. दोन्ही फोटो तिनंच काढले – डोळे गच्च मिटून! “तेव्हा घरात नवीन होते गं मी. हे म्हणाले, माझं नाव सांगू. मग मी कबूल करायला निघाले की डोळे वटारायचे.” आणि आत्ता परत तूच का? “यांचा हात थरथरतो ना. म्हणाले, या वेळी तरी नीट काढ.”

सुरी ठेवली, चप्पल घातली आणि वर गेली. थोड्या वेळानं काकांचं हसणं, छत हलेल इतकं. मग जिन्यातून हाक – मला नाही, भिंतीला नाही – “दादा! अरे गाढवा, वर ये!”

बाबा अनवाणीच गेले.