खडीवरच्या झोळ्या

१२ फेब्रुवारी १९७३

आज दुसरं मूल गेलं. झोपेतच.

पाच आठवडे झाले मी या खडी केंद्रावर आहे. दुष्काळात शाळा ओस पडली, पोरं आईबापांबरोबर दगड फोडायला आली. मग मलाही इथं आणलं – मस्टरवर हजेरी लिहायला. तीनशे माणसं. बाभळींना बांधलेल्या तेरा झोळ्या. आता अकरा.

पहिल्या दिवशी मी कौतुक केलं होतं, किती शहाणी बाळं, एक रडत नाही! बायका हसल्या होत्या. अंबूबाई म्हणाली, "शानी कसली वं बाई, गोळी दिलीया."

गोळी म्हणजे अफू. निम्मी सकाळी, निम्मी दुपारी.

मीही हसले होते त्या दिवशी. काय ते कळलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी

दुपारी अंबूबाईजवळ बसले. तिची लगमी पाच महिन्यांची. डोक्यावर दाट केस, मुठी वळलेल्या.

"नको देऊस," म्हणाले.

"मग दगुड फोडू का हिला घिऊन बसू? मुकादम बसू देतोय व्हय?"

तिची सासू धोंडुबाई शेजारीच खडी फोडत होती. "म्या सात लेकरास्नी दिली. काय झालं?"

"जगली किती?"

"तीन." हातोडा थांबला नाही. "पर तवा कोन मोजतंय."

१९ फेब्रुवारी

ओव्हरसियरना भेटले. मागणं एवढंच – बाभळीखाली एक छप्पर, एक रांजण, आणि बाळं सांभाळायला हजेरीवर एक बाई. पाळणाघर.

ते म्हणाले, "बाई, अफू आहे हे आधी कागदावर यायला हवं. नुसत्या तुमच्या सांगण्यावर वर काय लिहू?"

त्यांनीच मार्ग काढला. कऱ्हाडकडचा नाथाजी हवालदार. फौजेत कुत्री शिकवायचा. पेन्शनीत आल्यावर घरी एक शिकवली, अफू-गांजा हुंगायला. राणी तिचं नाव.

अर्ज मी लिहिला. स्वच्छ अक्षरात. आनंदानं!

२६ फेब्रुवारी

कुत्री आली. काळी पाठ, तांबूस पाय, शांत डोळे.

बातमी आधीच फुटली होती. पण कुणी काही लपवलं नाही. उलट कामावरचा सगळा धनगरवाडा हात जोडून उभा! खंडोबाचं कुत्रं दारात आलेलं. पायावर पाणी घातलं, ओवाळलं. धोंडुबाईनं कनवटीची पिशवी सोडली आणि मूठभर भंडारा कपाळापासून नाकापर्यंत फासला.

"आवं मावशी, नाकावर नगा!" नाथाजी ओरडला.

तोवर दुसऱ्या दहाजणी पुढं झाल्या. येळकोट येळकोट!

राणी पिवळीधमक. शिंकली, पुन्हा शिंकली. दिवसभर शिंकतच राहिली. नाथाजीनं तरी तिला सगळ्या झोळ्यांखालून फिरवलं. ती झोळ्यांकडं बघेना, जमिनीला नाक घासत राहिली. माणसं पोट धरून हसली. "द्येव पावला रं!" मुकादम तात्याबा म्हणाला. किती दिवसांनी हसली असतील. मलाही हसू आवरेना.

संध्याकाळी ओव्हरसियरनी शेरा लिहिला – अफू आढळली नाही.

१ मार्च

पाळणाघर नामंजूर. अफूच नाही, तर पाळणाघर कशाला.

५ मार्च

पुन्हा बोलावली. मीच. या वेळी कुणाला न सांगता.

जीप थांबली, राणी उतरली आणि थेट अंबूबाईच्या झोळीखाली जाऊन बसली. भुंकली नाही. नुसती बसली, शेपूट हलवत नाथाजीकडं बघत. त्यानं भाकरीचा तुकडा दिला. मग दुसऱ्या झोळीखाली. मग तिसऱ्या. सहा वेळा बसली. सहा तुकडे.

ओव्हरसियरनी पुड्या मातीत तुडवल्या. सहाजणींना आठ दिवस कामावरून काढलं. नावांवर रेघ मलाच मारावी लागली.

"आणि पाळणाघर?"

"आता शिक्षा झाली ना बाई. आता कोण आणणार?"

पुड्या विकणारा इथं येतच नाही. तो शनिवारच्या बाजारात बसतो, जायफळ, वेखंड, मुरुडशेंगा मांडून. बायका बाळगुटीबरोबर ही पुडी घेतात. तिकडं कुत्री नेणार का, ओव्हरसियरना विचारलं. "तो आपला भाग नाही."

अंबूबाई लगमीला पदरात बांधून माझ्यापुढं आली. "बाई, कागुद तुमी लिवला व्हय?"

"हो."

"बरं."

६ मार्च

पुस्तक उघडलं. मिटलं.

१५ मार्च

सहाजणी परत आल्या. राणी आता सोमवारी, गुरुवारी येते आणि मंगळवारीही कधी कधी. एक पुडी सापडत नाही. ओव्हरसियर खूष. "बघा, साफ झालं की नाही!"

पण बाळं निजलेलीच. दुपारची गोळी बंद झाली, तरी निजलेली. मी स्वतः झोळ्या चाचपल्या. काही नाही.

१७ मार्च

तात्याबानं सांगितलं. बाकी सगळ्यांना ठाऊक होतं, मलाच नव्हतं.

"आता घरीच देत्यात की, बाई. पहाटं. दिसाची सगळी येकदम."

धावत अंबूबाईकडं गेले. अंधारात ती भाकरी थापत होती. म्हणाले, एकदम देऊ नकोस, निम्मीच दे.

"आन् दुपारी उठली म्हंजे? तितं कुत्र्याच्या म्होरं पुडी न्हिऊ?"

"मग देऊच नको."

"तुमी सांबाळनार हिला?"

"मला मस्टर आहे."

ती भाकरी उलटायला वळली.

परत येऊन पत्र लिहिलं. पुन्हा पत्र! मला तेवढंच येतं.

२० मार्च

लगमी गेली.

सकाळी अकराला राणी तिच्या झोळीखालून गेली. थांबली नाही. पुडी नव्हतीच तिथं. नाथाजी म्हणाला, "साफ." मी तसं लिहिलं.

एकला जेवणाची सुट्टी झाली. अंबूबाईनं हात धुतले, पदर सैल करत झोळीकडं गेली. झोळी हलत नव्हती – पण ती कधीच हलायची नाही.

ती लगमीला छातीशी धरून बसली. दूध येत होतं. चोळी भिजत होती. बराच वेळ.

२१ मार्च

ओढ्याकाठी पुरलं. धोंडुबाईनं वर दगड रचले. फोडलेली खडी नाही, साधे दगड.

येताना नाथाजी भेटला. कुत्री बरोबर नव्हती.

"म्या न्हाई यायचो आता, बाई."

त्यानं मोकळी साखळी हाताला गुंडाळली.

"ती चुकली न्हाई. येकदा बी चुकली न्हाई. तिचं काम वास दावायचं, फुडचं मानसाचं." मग म्हणाला, "नाकाला भंडारा हुता तवा बरं हुतं."

२३ मार्च

अंबूबाई कामावर आली. चोळीत फडक्याची घडी. मी हजेरी लिहिली.

२६ मार्च

आज मस्टर बाजूला ठेवलं. सगळ्यांना सांगितलं, कुणी काही द्यायचं नाही, मी बघते. दहा झोळ्या.

नऊला पहिलं रडलं. दहापर्यंत सात. उन्हानं तापलेली, घामेजलेली, हातपाय झाडणारी, भुकेजलेली. एकाला घेतलं की दुसरं काळंनिळं व्हायचं. एक तर थरथरत होतं, त्याला नुसती भूक नव्हती. आया हातोडे टाकून आल्या. तात्याबा धावला, "आगं, खडी कोन फोडंल? म्या काय सांगू सायबाला?" दोघींची अर्धी हजेरी कापली. ती मीच लिहिली.

कुणी मला बोललं नाही. एकीनं हातातून मूल घेतलं आणि माझ्या खांद्यावर पडलेली लाळ पदरानं पुसली. तेवढंच.

२७ मार्च

सगळी बाळं झोपलेली. कुत्री येत नाही, तरी कामावरून काढतील ही भीती आहेच. पहाटेच दिलेली, सगळी एकदम.

३० मार्च

वरून उत्तर आलं. टाईप केलेलं. "श्वानामार्फत वेळोवेळी तपासणी केली असता सदर केंद्रावर अफू आढळून आलेली नाही. सबब पाळणाघराची आवश्यकता दिसत नाही."

सबब. चांगला शब्द आहे. वर्गात याचा अर्थ मी किती वेळा सांगितला असेल.

अंबूबाईला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे कुनीच दिली न्हाई म्हना की तिला?"

२ एप्रिल

सगळ्यांच्या पुड्या आता माझ्या ट्रंकेत आहेत. पहाटे दहाजणी दाराशी आल्या. केवढी द्यायची, ते अंबूबाईनं दाखवलं – पूर्वीच्या निम्म्याहून कमी. दुपारची मी खडीवर नेईन, मस्टरच्या पानांत दडवून. पहिलं पोर मांडीवर घेतलं, बोट ओलं केलं, त्याच्या ओठांत दिलं.

ते माझं बोट चोखत राहिलं.