पांढऱ्या पेशी आणि माझा शून्याचा हट्ट

१२ जून २००७
आज पहिली गोळी घेतली. नवरोबा नितीन पाण्याचा पेला धरून असा उभा, जणू मी पोलिओचा डोस घेणार आहे. क्रॉनिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा सावकाश वाढणारा कॅन्सर. शब्द लिहून बघितला. पांढऱ्या पेशी एक लाख बेचाळीस हजार! असाव्यात चार ते अकरा हजार. (यापुढे नुसता आकडा, रोज एवढं कोण लिहिणार.) म्हणजे उन्हाळाभरचा थकवा हिंजवडीच्या बसचा नव्हता तर.
सदाशिव पेठेतल्या डॉ. बाई मोजकं बोलतात. "हा आजार मुळासकट उपटायचा नाही, ताब्यात ठेवायचा. गोळी लागू पडली तर नोकरी, संसार, सगळं करा." आणि नाही पडली तर? तर दुसऱ्याचा मगज बसवायचा, हाडांतला. जुळतो बहुधा सख्ख्या भावंडाचा, आणि मी एकुलती एक. शोधणार कुठे?
गोळी लागू पडलीच पाहिजे. बस.

२३ जून
८६,०००!! लागू पडतेय! लॅबच्या पायऱ्यांवरच नितीनला फोन. मळमळ आहे, डोळ्यांखाली सूज आहे, असू दे.
ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एक्सेलमध्ये आलेख काढला. सॉफ्टवेअरच्या रिलीजआधी उघडे बग, म्हणजे न सुधारलेल्या चुका, रोज उतरत जातात, अगदी तसाच दिसतो. सात वर्षं टेस्टिंगमध्ये काढली, उतरता आलेख दिसला की माझी भूक वाढते. खाली लाल रेघ मारली. लक्ष्य : शून्य.

७ जुलै
९,४००. नॉर्मल! मी! डॉ. बाई म्हणाल्या, "छान. पण नाचू नका."
घरी येऊन नाचले. नितीन म्हणाला, "अगं, खालचे काका बेल वाजवायच्या आत थांब." मग तोही नाचला, वाईट नाचतो.
अमरावतीला बाबांना फोन. "मंग आता बरी झाली न वं तू?" जवळजवळ, म्हटलं.

२१ जुलै
२,१००!!! काय गोळी आहे! सकाळी लॅबमधून रिपोर्ट घेतला, डॉ. बाईंची वेळ संध्याकाळची, तोवर कोण थांबतंय? कोपऱ्यावरून पेढे घेतले, बसमध्येच निम्मे संपले. ऑफिसात विचारलं कशाचे, तर म्हटलं, एक मोठा प्रोजेक्ट वेळेआधी संपत आला. येताना पाणीपुरी. दोन प्लेट, एकटीने.

तोच दिवस, नंतर
डॉ. बाईंनी रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढला. "गोळी आजपासून बंद."
मी पेढ्यांचा पुडा पुढे केला होता. तसाच राहिला.
"पण उतरतायत ना? शून्याकडे..."
"अहो, शून्य कोणी सांगितलं? तुम्हाला बरं करायचंय, रिकामं नाही करायचं. जंतूंशी लढतात त्या याच पेशी. आज ताप आला तर लढणार कोण?" मग विचारलं, बाहेरचं काही खाल्लंत का. मी पाणीपुरी सांगितली. नितीनने कपाळाला हात लावला.
मी सगळ्यांनाच बग समजत होते. त्यात माझ्या चांगल्या पेशीही होत्या, आणि त्या मेल्याचे मी पेढे वाटले. हसू की रडू कळेना. दोन्ही केलं.

२८ जुलै
१,८००. अजून खालीच. ताप नाही, पाणीपुरीने दया केली. रजा. नितीन काकडीसुद्धा उकडून देतो.
गोळी बंद आहे याचीच जास्त भीती वाटते. आता आकडा चढायला हवा, पण चढला तर तो चांगल्या पेशींनी की आजाराने? डॉ. बाई म्हणतात, एकूण आकडा बघू नका, त्यात कोण कोण आहे ते बघा. कोवळ्या, अर्धवट पेशी दिसल्या तर वाईट. आता रिपोर्टचं दुसरं पानही वाचते. इतके दिवस पहिली ओळ वाचून उड्या मारत होते, शहाणी!

४ ऑगस्ट
३,६००! आणि कोवळी एकही नाही! सगळ्या जाणत्या, कामाच्या! प्लेटलेटही छान. गोळी परत सुरू. डॉ. बाई चक्क हसल्या, मी आणि नितीन दोघांनी पाहिलं.
आलेख नव्याने काढला. लाल रेघ पुसली, चार ते अकराचा हिरवा पट्टा रंगवला. त्यात शिरायचं आणि तिथेच राहायचं, इकडे नाही तिकडे नाही.
बाबा फोनवर : "तवा कमी झालं म्हून पेढे, आता वाढलं म्हून आनंद. तुह्या रक्ताचं मले त काईच समजत नाई वं." मग समजावून सांगितलं, अर्धा तास. शेवटी म्हणाले, "म्हंजे मिठासारखं. कमी बी नको, जास्त बी नको." अगदी!

१५ सप्टेंबर
गेले तीन रिपोर्ट : ५,२००, ६,१००, ५,८००. पट्ट्यातच. केवढं कंटाळवाणं, केवढं सुंदर!
आज मात्र वेगळंच रक्त घेतलं, जनुकाच्या तपासणीचं. मोजणीत न दिसणारा आजार किती उरलाय ते यातून कळतं. गोळी खरंच लागू पडली की नाही, ते हे सांगणार. म्हणजे इतके दिवस मी नुसतं वरवरचं टेस्टिंग करत होते.

२९ सप्टेंबर
डॉ. बाईंचा फोन. "रिपोर्ट आला. उद्या दहाला या. दोघंही या."
कसा आहे, विचारलं. "उद्या बोलू." आवाजावरून काही कळेना, बाई आनंदातही तशाच बोलतात.
नितीन म्हणतो, वाईट असता तर आजच बोलावलं असतं. मी म्हणते, चांगला असता तर फोनवरच सांगितला असता. यावर जेवताना भांडलो, मग आइस्क्रीम खाल्लं. घरचं.
रिपोर्टांची फाइल उशाशी ठेवलीय. कधी एकदा उजाडतंय असं झालंय.