नवा टायर पुढं की मागं

३ ऑगस्ट
एमआयडीसीच्या वळणावर रिक्षा घसरली. रोड ओला, वर ऑईल. हँडल उजवीकडं, पुढचं चाक आपलं सरळ. गटाराच्या कठड्याला टेकून थांबलो. पॅसेंजर कंपनीचा वॉचमन. उतरून पायीच निघाला. म्हणाला, "पुढचा टायर बघ बाबा, माझ्या टकलासारखा झालाय."

४ ऑगस्ट
गावाहून बायकोचा, संगीताचा फोन. सातवा लागला. पायावर सूज आहे, तालुक्याचा डॉक्टर म्हणतो मोठ्या दवाखान्यात दाखवा. बाळंतपण माहेरी करायचं, पण तिला आई नाही, कुठलं माहेर. म्हटलं इकडंच ये. बुवापाड्यातली खोली लहान आहे, पण उल्हासनगरला सरकारी दवाखाना आहे. न्यायला रिक्षा आहे. रिक्षा शेठची, चावी माझ्याकडं.
ती मागं बसलेली आणि मी असा घसरलो तर

५ ऑगस्ट
शेठच्या दुकानात गेलो, विठ्ठलवाडीला. टायर मागितला. "अरे साईं, आगे कौन बैठता है? वजन पीछे. नया पीछे डाल, पीछेवाला घिसा हुआ आगे." स्टँडवर सगळे हेच करतात. मीपण हेच करत आलो, म्हणून तर घसरलो. शेवटी एका टायरचे पैसे देतो म्हणाला. कडक रबराचाच घे, जास्त चालतो.

६ ऑगस्ट
रिक्षा मऊ चालावी म्हणून मागच्या चाकांची हवा कमी केली. खड्ड्यात बरं वाटतं, पण वळताना डुलते. दुपारी टायरला हात लावला तर तापलेला. इस्माईलचाचा पंक्चरवाला शिव्या देत आला, "झूला बनाया है क्या? किनारा फट जाएगा." हवा परत भरली. सीटवर जुनी गादी बांधली, तेवढंच.

८ ऑगस्ट
चाचाकडं टायर बघितले. रिमोल्ड नको, जुन्यावरच नवी नक्षी चिकटवलेली. चाचा म्हणतो, नुसता वरून नवरदेव. कडक रबर टिकतं पण ओल्यात धरत नाही, हादरा थेट कमरेत. मऊ रबर रस्ता धरतं, हादरा पण खातं, झिजतं लवकर.
"सीमेंट ढोनी है या बीवी?"
मऊ घेतला. पुढं बसव म्हटलं. चाचानं पाना तसाच धरला. "सेठ को बताया?" मी पुढच्या चाकाखाली जॅक सरकवला. त्यानं बसवला.
रिकामी रिक्षा नेऊन ओल्यात ब्रेक मारून बघितला. धरतो.

१० ऑगस्ट
शेठ स्टँडवर आला. टायरला बूट लावून बघितलं. मऊ, आणि तोही पुढं. सगळ्या पोरांसमोर बोलला, "नया माल आगे? सेहरा बांधला काय रिक्षाला? आज मागं टाक, नाहीतर उद्या चावी आणून दे."
हो म्हटलं नाही. चावी गेली तर तिला दवाखान्यात कशानं नेऊ. आणि टायर मागं टाकून नेलं तर

११ ऑगस्ट
पहाटे संगीताला कल्याण स्टेशनवर उतरवून घेतलं. सुजलेले पाय चपलेत मावत नव्हते. गादीवर बसवली. म्हणाली, "एवढी हळू? यापेक्षा बैलगाडी बरी." मध्येच म्हैस आडवी आली. कचकन ब्रेक. रिक्षा जागेवर. मागं वळून बघितलं तर ती म्हशीला हसत होती.
दवाखान्याबाहेर बसून लिहितोय. ती आत आहे. डॉक्टरीण म्हणते दर आठवड्याला आणा.
शेठचा फोन सकाळपासून वाजतोय. आत्ता परत. तिला घरी पोचवतो, मग उचलतो. टायर पुढंच आहे.