भिंतीवरचे सस्तन प्राणी

३ फेब्रुवारी, सकाळ
शाळेची मागची भिंत मिळाली! विषय: सस्तन प्राणी. आजवर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आता खरी कला. बायकोची अट आहे. भिंत जमली तर पुढच्याही भिंती माझ्या. नाही जमली तर मुकाट्यानं तिच्या भावाच्या रंगाच्या दुकानात डबे ढवळायचे. मेव्हण्याच्या हाताखाली! मी ताबडतोब हो म्हटलं. हरण्याचा प्रश्नच नाही.

४ फेब्रुवारी
लेकीनं तिचं विज्ञानाचं पुस्तक आणून दिलं. म्हणाली, बाबा, आधी धडा वाचा. तिला समजावलं, की कलावंत डोळ्यांनी शिकतो. पुस्तक मात्र उपयोगी पडलं. शिडीचा एक पाय आखूड आहे.

६ फेब्रुवारी
देवमासा पूर्ण. अंगभर खवले, एकेक सुटा. गालाला कल्ले. शेपटी अगदी ताठ, उभी. विज्ञानाचे सर बराच वेळ बघत राहिले. भारावले असावेत. मग म्हणाले, अहो, देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो, तो मासा नव्हे. मी म्हटलं, सर, नावातच मासा आहे. मान हलवत निघून गेले. पटलं म्हणायचं.

८ फेब्रुवारी
वटवाघूळ. घरटं, घरट्यात ठिपक्याठिपक्यांची अंडी. सर पुन्हा हजर. यांना तास नसतात का? म्हणाले, वटवाघूळ पक्षी नाही. अंगावर केस, रक्त गरम, पिल्लाला दूध, म्हणजे सस्तन. आणि सस्तन प्राणी सहसा अंडी घालत नाहीत. पुढे ‘अपवाद’ वगैरे काहीतरी सांगत होते, पण मला मुद्दा केव्हाच कळला होता. अंडी रंग मारून झाकली. चूक दिसली की मी सुधारतो. यालाच मोठेपणा म्हणतात.

९ फेब्रुवारी
जेवायला घरी गेलो, तेवढ्यात लेकीनं कोपऱ्यात प्लॅटिपस काढून ठेवला. चोच बदकाची, अंग केसाळ, आणि शेजारी अंडी! कालच सरांनी काय सांगितलं? कुठून येतं एवढं अज्ञान? अंडी झाकली. चोचही झाकली. आता बरा दिसतो. साधारण मांजरासारखा. लेक फुगून बसलीय. मोठी झाल्यावर आभार मानेल.

११ फेब्रुवारी
कांगारू. आईच्या पोटाला पिशवी, पिशवीत पिल्लू. मग वाटलं, बापानं काय घोडं मारलंय? त्यालाही पिशवी दिली. त्यातून रुमाल डोकावतोय. हा बारकावा दुसऱ्या कुणाला सुचला नसता.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ
मुख्याध्यापिका बाईंनी पूर्ण भिंत पाहिली. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिली. मग सरांकडे पाहिलं. सर जमिनीकडे बघत होते. बाई म्हणाल्या, उद्या पालकांना बोलावलंय, आता पुसायलाही वेळ नाही. म्हणजे पुसवत नाहीये! कोट इस्त्रीला दिला. मेव्हण्यालाही आमंत्रण धाडलं. बघू दे.

१६ फेब्रुवारी
भिंतीच्या वर सरांनी पाटी लावली होती: ‘चुका ओळखा’. मी त्यांच्या कानाशी लागून सांगितलं, सर, पाटी चुकीच्या भिंतीवर लागलीय. ते म्हणाले, नाही.
पोरं कागद-पेन्सिल घेऊन तुटून पडली. खवले! कल्ले! शेपटी आडवी पाहिजे! बाबा कांगारूपुढे तर रांग लागली. मेव्हणा हसून हसून खालीच बसला. बाई म्हणाल्या, सस्तन प्राणी मुलांना इतके पक्के आजवर कधी कळले नव्हते. हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवतोय.
पहिला नंबर लेकीचा. तिनं एक चूक अशी काढली, जी सरांनाही दिसली नव्हती. भिंतीवर माणूसच नाही.
घरी आल्यावर लेकीला विचारलं, माणूस प्राण्यांत कुठून आला? वाटलं, हीही हसणार. हसली नाही. माझ्या शेजारी बसली आणि सगळं नीट सांगितलं. काही अंडी घालतात, तिच्या प्लॅटिपससारखे. काही पिशवीत वाढवतात. बाकीचे पोटात वाढवतात. पण दूध सगळेच पाजतात. माणूससुद्धा. म्हणाली, तुम्हीपण सस्तन आहात, बाबा.
तिच्या अंड्यांबद्दल सॉरी म्हटलं. बहुतेक ऐकू गेलं नसावं, फारच हळू म्हटलं.

१७ फेब्रुवारी, सकाळ
अंघोळ करताना तपासलं. छातीवर केस आहेत. अंग गरम आहे. दूध पाजल्याचं आई अजून ऐकवते. पोरगी बरोबर असावी.
बायकोनं दार वाजवलं. म्हणाली, अहो, आत एवढा वेळ काय चाललंय? मी म्हटलं, मी सस्तन आहे.
ती म्हणाली, असाल. सस्तनांनी नऊला दुकानात पोचायचं असतं.