बर्फातलं शेपूट

प्रिय धाकट्या,

घाईघाईत लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. संध्याकाळी कामावरून आले, बर्फासाठी फ्रीजर उघडला, तर आत बाबांचा जेवणाचा डबा. हा इथे कशाला, म्हणून झाकण काढलं. आत बर्फ, बर्फावर पिशवी आणि पिशवीत तुझ्या राजेंचं शेपूट. डबा हातातून सुटलाच. मी किंचाळले की नाही ते आठवत नाही, पण शेजारच्या काकू धावत आल्या, म्हणजे किंचाळले असणार. राजे जिवंत आहेत, धडधाकट आहेत. हे आधी लिहायला हवं होतं, पण मला कुठे सुचतंय.

नोकरीसाठी निघताना तू तुझा हा क्रेस्टेड गेको, म्हणजे हे राजे, माझ्या गळ्यात बांधलास. फळांची पावडर सॉससारखी दाट कालवायची, एक दिवसाआड बाटलीच्या झाकणात ठेवायची, काचेवर पाणी फवारायचं, म्हणजे ते थेंब चाटतात. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले होते, "पाल काय पाळायची? ट्यूबलाइटमागे दोन फुकट आहेत." सुरुवातीला राजे माझ्या खाण्याकडे ढुंकूनही बघत नव्हते. मग झाकण दर वेळी लख्ख चाटलेलं दिसायला लागलं आणि मी तुझ्याकडे फोनवर फुशारक्या मारल्या. आज आई थंडपणे म्हणते, "तू फार पातळ कालवायचीस. ते ओतून हे नवीन कालवायचे." हे म्हणजे आपले बाबा.

झालं असं, की आज बाबांची सुट्टी होती. राजेंची काचेची पेटी पुसायची म्हणून त्यांनी राजेंना तळहातावर घेतलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, राजेंनी थेट गॅसच्या दिशेने उडी मारली आणि बाबांनी झडप घालून धरलं. राजे निसटले, शेपूट मुठीत राहिलं, आणि ते वळवळत होतं. कारखान्यात पत्रे कापणाऱ्या प्रेस शॉपचे फोरमन असलेल्या बाबांना त्या क्षणी एकच गोष्ट सुचली. मशीनखाली कुणाचं बोट गेलं की आरडाओरडा करायचा नाही. बोट शोधायचं, पिशवीत घालायचं, पिशवी बर्फावर ठेवायची आणि माणसाबरोबर दवाखान्यात न्यायची. त्यांचं स्वतःचं बोट मशीनखाली गेलं त्या दिवशी ते कुणी शोधलंच नव्हतं, म्हणून पुढे प्रत्येक नव्या कामगाराकडून ते हे घोकून घेतात. तर राजे एका डब्यात, शेपूट दुसऱ्या डब्यात, असे बाबा प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पोचले.

त्या बिचाऱ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, घाबरला की हा स्वतःच शेपूट टाकतो. घरातल्या पालीला नवीन येतं, याला येत नाही, पण काही अडत नाही. बाबांनी पुन्हा पुन्हा विचारलं, सांधता येणार नाही का. येताना रस्त्यात ते रडले, असं आई सांगते. बोट गेलं तेव्हा न रडलेला माणूस. घरी आल्यावर शेपूट टाकवेना, म्हणून डब्यासकट फ्रीजरमध्ये.

फोनवर बोलले असते तर त्यांच्या कानावर गेलं असतं, म्हणून हे पत्र. पुढच्या महिन्यात तू राजेंना न्यायला येणार आहेस. बाबा पेटी स्वतः बांधून देणार आहेत, तोंडातून ब्र काढणार नाहीत. म्हणतात, पोराची वस्तू माझ्या हातून बिघडली, आता कुठल्या तोंडाने ठेवून घेऊ. मघाशी मी तुझ्या खोलीत डोकावले. राजे बाबांच्या त्याच हातावर, तुटक्या बोटाला पाय टेकवून झाकण चाटत होते आणि बाबा हळू आवाजात त्यांना सांगत होते, "होते रे सवय. थोडे दिवस चुकल्यासारखं वाटतं." मी दार ओढून घेतलं. तू ये, पोटभर जेव, हवं तर बाबांशी भांडसुद्धा. पण जाताना नवा घरमालक प्राणी ठेवू देत नाही असं धडधडीत खोटं सांग आणि रिकाम्या हाताने जा.

तुझीच,
पातळ कालवणारी ताई