बाळंतिणीचा वाटा

॥ श्री ॥

चिंचवड गाव,
३० ऑगस्ट १९७५

चि. सौ. नीलिमा हिस आजीचे पोटभर आशीर्वाद. जावईबापूंना निम्मे दे, भांडू नका.

सगळ्यांत आधी कोण आलं असेल तर सुरय्या. अजून पाट मांडायचे होते, तुझी आई शाळेतून यायची होती, आणि ही दारात उभी. हातात हिरव्या बांगड्या आणि शेवयांच्या खिरीचं भांडं. म्हणाली, तुमच्यात डोहाळजेवण मुहूर्तावर असेल आजी, आमच्यात भूक लागली की मुहूर्त. तिच्यामागून शेजारची सोजराबाई आली ती नाक मुरडतच. पोटुशी बाई जर्मनीत आन् जेवान चिंचवडात, आसं कुठं आसतंय व्हय, म्हणून तिने पायरीवरच सुरुवात केली. मी म्हटलं, असतं. पहिलटकरणीला विमानवाले आता बसू देत नाहीत, तर काय तिचं कौतुकच करायचं नाही? मग आत आली, आणि सगळ्यांत जास्त पुरणपोळ्या तिनेच खाल्ल्या.

पाटावर तुझा फोटो ठेवला होता. सुरय्या हौसेने त्याला गजरा घालायला निघाली, तशी मी ओरडलेच. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत ग बाई. बिचारी एवढीशी झाली. मग तो गजरा तिच्याच केसांत माळला. तुझी ओटी तुझ्या आईने पदरात घेतली. दोन झाकल्या वाट्यांतली एक उघडली तर बर्फी निघाली, म्हणजे मुलगी. माझी काही हरकत नाही.

सुरय्याचा नवरा इम्तियाज कंपनीकडून तुमच्या त्या गावी ट्रेनिंगला राहून आला आहे ना, तो गावाचं फार गुणगान गातो. तिथला पाव मात्र फेकून मारला तर टेंगूळ येईल म्हणाला. तू हिंड, फिर, सगळं बघ. आणि काय पाहिलंस यापेक्षा काय खाल्लंस ते आधी लिही. माणूस चवीने जेवतंय एवढं कळलं की मला बाकीचं कळतं.

तुझं पहिलं बाळंतपण माझ्या हातून व्हायचं होतं, हे मनातून जात नाही. असो. तिसरीपर्यंत शिकले तेवढी अक्षरं इथे संपली, माया शिल्लक आहे.

तुझी आजी

•

आउग्सबुर्ग,
३० सप्टेंबर १९७५

ती. आजीस नीलूचा वाकून नमस्कार. (आता पूर्ण वाकता येत नाही, गोड मानून घे.)

तुझं पत्र वाचून मी आणि सुरेंद्र इतके हसलो की शेजारच्या हिल्डाबाई विचारायला आल्या. त्या आणि त्यांचे यजमान लेखनरसाहेब वरच्या मजल्यावर राहतात. साहेब सुरेंद्रच्याच कारखान्यात, मशिनी उभ्या करणाऱ्या खात्यात आहेत. त्यांना मूलबाळ नाही. बाई रोज मला हाताला धरून गाव दाखवायला नेतात.

काल इथे देवदूताचा सण होता. चौकातल्या उंच मनोऱ्याच्या खिडकीतून तासाच्या ठोक्याला एक लाकडी देवदूत बाहेर येतो आणि पायाखालच्या राक्षसाला भाला मारतो. खाली जमलेली पोरं प्रत्येक घावाला मोठ्याने आकडे मोजतात. अगदी आपली महिषासुरमर्दिनी, फक्त पुरुष. मीही मोजले, मराठीत. माझ्या आत कोणीतरी लाथ मारून साथ दिली.

गरिबांसाठी एका सावकाराने साडेचारशे वर्षांपूर्वी बांधलेली घरांची एक पेठच आहे. भिंतींवर वेल, दाराशी कुंड्या. भाडं नावापुरतं, पण राहणाऱ्याने रोज तीन वेळा त्या सावकारासाठी प्रार्थना करायची. प्रत्येक दाराच्या घंटेची कडी निराळ्या आकाराची, म्हणजे अंधारात हाताने चाचपून आपलं दार ओळखता यावं. दिवे गेले की चाचपून डबे ओळखणारी तू आठवलीस.

आता खाणं. निळसर जांभळ्या प्लमच्या फोडी दाटीवाटीने लावलेला चपटा केक, आंबटगोड. मी तीन तुकडे खाल्ले आणि हिल्डाबाईंनी चौथा रुमालात बांधून दिला. चीज घातलेल्या जाड शेवया, वर तळलेला कांदा. बटाट्याची आंबूस कोशिंबीर. पावाबद्दल इम्तियाजभाई खरं बोलले, पण सूपात बुडवला की वितळतो. रविवारी नदीच्या कालव्याकाठी गवतावर बसून होड्यांची शर्यत पाहिली. सगळं गाव डबे घेऊन आलेलं.

डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक. नोव्हेंबर अखेर. आईला सांग, काळजीपायी वह्या तपासायच्या सोडू नकोस.

तुझ्या मायेवर टिच्चून जेवणारी,
नीलू

•

चिंचवड गाव,
१८ ऑक्टोबर १९७५

चि. सौ. नीलूस आशीर्वाद, आणि पोटातल्या लाथाडीला एक गालगुच्चा.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि सोजराबाईला एकदा वाचून दाखवलं. भाड्याऐवजी प्रार्थना, हे तिला फारच पटलं. आपला घरमालक ऐकेल का म्हणून विचारत होती. मी म्हटलं, तुझ्या प्रार्थनेने तो उलट भाडं वाढवेल.

केकचा चौथा तुकडा बांधून देणारी बाई मला न बघताच आवडली. आणि ऐक, इम्तियाज सांगत होता, कंपनीत नवी मोठी मशीन यायची आहे आणि ती उभी करायला तुझे लेखनरसाहेबच यायचेत, बाईंना घेऊन. डिसेंबर अखेर पुण्याच्या हॉटेलात उतरतील. मी लगेच निरोप धाडला की जेवायला आमच्याकडे. तुला तिने गाव दाखवलं, तर मी तिला मोरयाचं देऊळ आणि पवनेचा घाट तरी दाखवीन.

अंगडी-टोपडी शिवायला घेतली आहेत. दिवाळीत तेल लावून घे, पाट नसला तर स्टुलावर बस. हालचाल कशी आहे ते लिही.

जीव तुझ्याकडे लावून बसलेली,
आजी

•

आउग्सबुर्ग,
२० नोव्हेंबर १९७५

ती. आजीस शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला. इकडे सर्व ठीक आहे. माझी प्रकृती बरी आहे. सुरेंद्र कामात आहेत.

येथील वनस्पती उद्यान पाहण्यासारखे आहे. काचघरात केळी आणि नारळाची झाडे ठेवली आहेत. कळसूत्री बाहुल्यांचे नाट्यगृह प्रसिद्ध आहे. बाहुल्या हुबेहूब माणसांसारख्या मान वळवतात. नगरभवनात पूर्वी सोन्याने मढवलेले दालन होते, ते लढाईत जळाले. आता ते पुन्हा करायचे म्हणतात. चौकात नाताळच्या बाजाराच्या टपऱ्या उभ्या राहू लागल्या आहेत. तेथे भाजलेले बदाम, आल्याच्या वड्या व मेणबत्त्या मिळतात. उंच मनोऱ्यावरून हवा स्वच्छ असेल तर दूरचे बर्फाचे डोंगर दिसतात. पायऱ्या पुष्कळ आहेत.

काही पाठवू नका. इथे सगळे मिळते. लेखनरसाहेबांच्या हाती तर काहीच देऊ नका, त्यांचे सामान फार असते.

सर्वांना नमस्कार. माझी काळजी करू नये.

नीलिमा

•

चिंचवड गाव,
१६ डिसेंबर १९७५

चि. नीलू,

तारेची वाट पाहून माझ्या मधूने, तुझ्या बापाने, शेवटी इम्तियाजच्या कंपनीतून तुमच्याकडे तार करवली. जावईबापूंचं उत्तर आलं, नीलिमा बरी आहे, लेखनर महिनाअखेर निघतील. एवढंच. मुलगा की मुलगी, नाही. झालं की व्हायचंय, नाही. तुझा बाप म्हणतो, तारेत शब्दाला पैसे पडतात. तुझी आई एकच वही दोनदा तपासते.

मी तुझ्या मागच्या पत्राला हात लावत नाही. असं शाळेतल्या पुस्तकासारखं तू मला कधी लिहिलं नव्हतंस. एक ओळ लिही ग. वाकडी लिहिलीस तरी लागेल मला.

आजी

•

चिंचवड गाव,
५ जानेवारी १९७६

माझ्या नीलूस,

आशीर्वाद नेहमीचेच, पण आज जरा जवळ बसून वाच.

काल रविवारी तुझी हिल्डाबाई आणि साहेब आले. साहेब एवढे उंच की आपल्या चौकटीवर कपाळ आपटलं, आणि चौकटीचीच माफी मागितली. सोजराबाई पहाटेपासून नटून बसली होती. घरात शिरल्या शिरल्या तिने बाईंचे हात दाबून पाहिले आणि मला म्हणाली, गोरी हाय पर हाडाची कामाची हाय. दुभाषा म्हणून आलेल्या इम्तियाजने हे तसंच्या तसं सांगितलं असावं, कारण बाई लाजल्या. मोरयाच्या देवळात साहेब दगड बघत राहिले, घाटावर बाईंनी पाण्यात पाय सोडले. घरी येऊन पुरणपोळी खाल्ली, दोन्ही हातांनी, तुपाचे ओघळ कोपरापर्यंत. मला फार आनंद झाला होता ग. पाहुणे असे जेवले की माझी कंबर दुखत नाही.

मग मी अंगड्या-टोपड्यांची पिशवी आणून बाईंच्या मांडीवर ठेवली. तू नको म्हणाली होतीस, पण आजी आहे मी. बाईंनी एक टोपडं बाहेर काढलं, मुठीवर घालून पाहिलं, आणि रडायला लागल्या. बोलल्या खूप. इम्तियाज एरवी थांबत नाही, काल पिशवीची नाडी गुंडाळत बसला. सुरय्या त्याला म्हणाली, सांगा आता. पण त्याच्या आधी बाईंनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि मग दोन्ही हात रिकामे उघडून दाखवले. ते मला कळलं.

मग हळूहळू सगळं सांगितलं. दिवाळीच्या आधीच बाळाची हालचाल थांबली. मुलगी होती. रडलीच नाही. बर्चच्या झाडाखाली तिची जागा आहे आणि हिल्डाबाई रविवारी तिथे मेणबत्ती लावतात. तू तिथपर्यंत जातेस आणि घरी येतेस, दुसरीकडे कुठे नाही. ती बाग, त्या बाहुल्या, तो बाजार तू पाहिलाच नाहीस. संध्याकाळी तुझ्या पलंगावर बसून बाई सांगत आणि तू आम्हाला लिहून पाठवलंस. त्या पत्रात तू गावभर हिंडलीस पण घासभर खाल्लं नाहीस, तेव्हापासून माझ्याही घशाखाली काही उतरत नव्हतं.

आम्हाला वाईट वाटेल म्हणून लपवलंस. वाटलं. तुझी आई मोरीत जाऊन नळ सोडून रडली, मधू अंगणात उभाच राहिला. पण तुझ्यावर कोणी रागावलेलं नाही.

तुला एक सांगते. तुझ्या बापाच्या आधी मलाही एक झाला होता. तोही रडला नव्हता. सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी मला धुणं घेऊन नदीवर पाठवलं. मूल नाही तर बाळंतीण कसली, असं घर चाललं. दूध मात्र आलं ग, ते काय कोणाला विचारून येतं? मी काठावर बसून लुगडं पिळत होते आणि चोळी भिजत होती. मला कोणी खाटेवर निजवलं नाही, शेक दिला नाही, लाडू दिला नाही. त्याला कोणी नाव दिलं नाही. मी आपलं मनात ठेवलं होतं, ते अजून आहे, पण ते माझं.

म्हणून पाहुणे गेल्यावर मी डिंक काढला. तुझी आई म्हणाली, आई, अहो रिकाम्या कुशीला डिंकाचे लाडू पाठवायचे? तिच्या जखमेवर मीठ होईल. लोक काय म्हणतील. मी म्हटलं, मूल रडलं नाही म्हणून माझी नात बाळंत झाली नाही का? तिची कंबर मोडली नाही का? बाळंतिणीचा वाटा आहे तो, बाळाचा नव्हे. मग तुझी आई उठली, कढईत तूप घातलं आणि स्वतः डिंक फुलवायला बसली. खोबरं सुरय्याने किसून आणलं. सोजराबाईने मेथ्या आणल्या आणि नाक न मुरडता निवडायला बसली.

येत्या रविवारी पाहुणे निघायच्या आधी डबा घेऊन जातील. हिल्डाबाईंना इम्तियाज नीट समजावणार आहे की रोज सकाळी एक, गरम दुधाबरोबर, आणि समोर बसून खायला लावायचा. ओवा आणि बाळंतशोपाही दिल्या आहेत. डोक्याला रुमाल बांध, कमरेला पट्टा. थंडीत दारात उभी राहू नकोस. महिने झाले, आता काय उपयोग, असं म्हणशील. उशिरा का होईना, घे. मला कोणी उशिराही दिलं नव्हतं.

आणि तिचं नाव लिही. ठेवलं नसशील तर ठेव. ती आपल्या घरची मुलगी, तिला नावाने आठवायचं. मी इथे देवापुढे घेईन.

पत्राला मोठं उत्तर नको. आज काय खाल्लंस तेवढी एक ओळ पुरे.

पोरी, माझा जीव तुझ्यापाशी ठेवते, सांभाळ.

आजी

ता. क. सांगायचं राहिलं. त्या मशीनची चाचणी घ्यायला साहेबांना पाडव्याच्या सुमाराला पुन्हा यायचंय. हिल्डाबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून वचन दिलं की त्या वेळी एकट्या यायच्या नाहीत, तुला हाताला धरून आणतील, आणि सुरेंद्ररावांशी त्याच बोलतील. तुझ्या आईने वाकून पाहिलं आणि म्हणाली, अगबाई, त्या दिवशी अमावास्या आहे. मी म्हटलं, असू दे. लेक माहेरी येते त्या दिवशी मी पंचांग बघत नाही. मंगळवार, ३० मार्च.